जागतिक म्हणवणारे विजेतेपद आणि त्याचे दोन मुलूख

स्क्वॉशमधील पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्या खेळाच्या मानाने पुष्कळ उशिरा जन्माला आली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हॅरो या शाळेत घडलेल्या या खेळात १९३० पासून ब्रिटिश ओपन ही स्पर्धा भरत होती आणि तिच्या विजेत्यालाच लोक जगज्जेता मानत. परंतु हौशी खेळाडू आणि उपजीविकेसाठी खेळणारे व्यावसायिक यांच्यातील भिंत जोवर भक्कम होती, तोवर दोघांना खुली असणारी स्वतंत्र जागतिक स्पर्धा उभी राहिली नाही. ती पहिल्यांदा १९७६ मध्ये लंडनला झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंटने पाकिस्तानच्या मोहिबुल्ला खानला हरवून ती जिंकली. पुढील तीन विजेतेपदेही त्याचीच होती. २०२५ पर्यंत झालेल्या ४६ स्पर्धांपैकी १४ पाकिस्तानच्या केवळ दोघांनी, म्हणजे जहांगीर खान (६) आणि जानशेर खान (८) यांनी, तर १५ इजिप्तच्या सात खेळाडूंनी जिंकल्या. स्पर्धा जगाची असली तरी तिचा इतिहास बव्हंशी पेशावरजवळच्या एका खेड्याचा आणि नाईलकाठच्या शहरांतील काही क्लबांचा आहे.

ते खेडे म्हणजे नवाकिल्ले. पेशावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात या गावातील पुरुष नोकरीला असत आणि साहेब लोक कोर्ट सोडून गेले की तेथील मुले उघड्या, छप्पर नसलेल्या कोर्टांवर अनवाणी खेळत. हाशिम खान त्यांपैकीच एक. १९४४ मध्ये मुंबईत झालेली अखिल भारतीय व्यावसायिक स्पर्धा त्याने जिंकली. त्याचा नातलग अब्दुल बारी फाळणीनंतर मुंबईतच राहिला, आणि १९५० च्या ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ज्या बारीला हाशिमने हरवले होते तो एवढी मजल मारतो, हे पाहून पाकिस्तानात हाशिमला धाडण्याची खटपट सुरू झाली आणि १९५१ मध्ये त्याने करीमला सरळ गेममध्ये नमवले. पेशावर आणि इजिप्त यांची ही पहिली मोठी गाठ होती, आणि तिच्यामागे मुंबईच्या कोर्टांचा अप्रत्यक्ष हात होता, हे फारसे कोणी ध्यानात ठेवलेले नाही.

जहांगीरचे घराणेही याच गावचे; त्याचे वडील रोशन खान १९५७ चे ब्रिटिश ओपन विजेते. थोरला भाऊ तोरसम हा जहांगीरला घडवत असतानाच नोव्हेंबर १९७९ मध्ये ॲडलेडला सामना खेळताना हृदयविकाराने कोसळला आणि त्यात त्याचा अंत झाला. खेळ सोडण्याच्या विचारात असलेल्या जहांगीरला चुलतभाऊ रहमत खानने पुन्हा उभे केले. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात हंटने त्याला सव्वादोन तासांच्या झुंजीनंतर हरवले. त्याच वर्षी टोरांटोत सतरा वर्षांच्या जहांगीरने हंटकडूनच जगज्जेतेपद घेतले आणि त्यानंतर १९८६ पर्यंत तो हरला नाही. या काळातील सलग विजयांचा ५५५ हा आकडा सर्रास सांगितला जातो, मात्र त्यातील प्रत्येक सामन्याची नोंद कोणी मांडलेली नाही. तेव्हा साडेपाच वर्षे हेच माप अधिक भरवशाचे.

या अजिंक्यतेचे रहस्य हातातील कसबाइतकेच गुणपद्धतीतही होते. जुन्या पद्धतीत गेम नऊ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. दुसऱ्याने रॅली जिंकली तर त्याच्याकडे फक्त सर्व्हिस जाई. त्यामुळे गुणफलक जागचा न हलता खेळ कितीही लांबू शकत असे. १९८३ मध्ये चिचेस्टर येथे इजिप्तच्या गमाल अवादविरुद्ध जहांगीरचा सामना २ तास ४६ मिनिटे चालला, आणि त्यातला पहिला गेमच तासाहून अधिक काळ खेळला गेला. तो गेम अवादने जिंकला, सामना मात्र गमावला. प्रतिस्पर्ध्याला ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद जागेत चारही कोपऱ्यांत पळवत दमवणे, हा अशा पद्धतीत जवळजवळ खात्रीचा मार्ग होता. तो रोखला न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मनने. पॅराशूटच्या अपघातात गुडघा जायबंदी होऊनही परतलेल्या नॉर्मनने १९८६ मध्ये तुलूझ येथे जहांगीरला चार गेममध्ये हरवले. १९८७ पासून जानशेरचा काळ सुरू झाला. १९९६ मध्ये कराचीत त्याने आठवे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर पाकिस्तानच्या वाट्याला ते पुन्हा आलेले नाही.

दरम्यान खेळच बदलला. प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत रुळली, आणि २००४ मध्ये गेम १५ ऐवजी ११ गुणांचा झाला. समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेली पट्टी, जिला टिन म्हणतात आणि जिच्यावर चेंडू लागला की मारणारा रॅली गमावतो, ती व्यावसायिक पुरुषांसाठी ४८ ऐवजी ४३ सेंटीमीटर उंचीची ठरली. टिन खाली आला की पुढच्या कोपऱ्यात हलकेच टाकलेला ड्रॉप अधिक घातक होतो, आणि दमवणाऱ्यापेक्षा धाडसाने मारणाऱ्याला भाव येतो. इजिप्तच्या उदयाचे सारे श्रेय नियमांना देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण कैरोतील क्लबांत लहान मुले एकमेकांशी आणि मोठ्यांशी रोज खेळतात ही त्यामागची खरी शाळा आहे; १९९० च्या दशकात गिझाच्या पिरॅमिडसमोर काचेचे कोर्ट उभारून भरवलेल्या स्पर्धांनी आणि १९९९ च्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या अहमद बरादाने त्या मुलांना स्वप्नही दिले. तरी अम्र शबाना आणि रामी अशूर यांच्या मनगटी, चकवणाऱ्या खेळाला नव्या नियमांचे अंगण मानवले, हे नाकारता येत नाही. इजिप्तचे पहिले जगज्जेतेपद शबानाने २००३ मध्ये मिळवले, तेही लाहोरमध्ये. २०१७ च्या मँचेस्टरमधील अंतिम सामन्यात तर अलेक्झांड्रियाचे दोन सख्खे भाऊ समोरासमोर आले आणि मोहम्मद अल शोरबागीने धाकट्या मारवानला हरवले.

भारतीय खेळाडूंची या स्पर्धेतील मजल उपांत्यपूर्व फेरीपलीकडे गेलेली नाही. सौरव घोषालने ती २०१३ मध्ये गाठली. ऑलिंपिकचे दार मात्र मुंबईतच उघडले: ऑक्टोबर २०२३ मध्ये येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेटबरोबर स्क्वॉशलाही मान्यता मिळाली. त्यानंतरच्या मे महिन्यात पेरूच्या दिएगो एलियासने, ज्याला १९९८ चा कॅनेडियन जगज्जेता जोनाथन पॉवरने घडवले, कैरोतच मुस्तफा असलला हरवून दक्षिण अमेरिकेला पहिले विजेतेपद मिळवून दिले. पुढच्याच वर्षी शिकागोत असलने चार वेळा जगज्जेता ठरलेल्या अली फरागला नमवले, आणि ते विजेतेपद पुन्हा इजिप्तकडे गेले.