मुळात ही घरं नव्हतीच

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बायबरी गावात, कोल्न नदीच्या ओहोळाशी, दगडी घरांची एक रांग आहे. नाव आर्लिंग्टन रो. भिंतीला भिंत लागून बांधलेली ही घरं बुटकी आहेत, एकाची खिडकी दुसऱ्याच्या रेषेत नाही, आणि डोक्यावर छप्पर मात्र दांडगं. ही रांग कुणा कसबी माणसाने सुंदर दिसावी म्हणून आखली असेल, असं पाहणाऱ्याला हमखास वाटतं. खरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे.

साधारण १३८० च्या सुमारास इथे मठाची लोकर साठवायला एक लांबलचक कोठार उभं राहिलं. इथल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांवरची लोकर तेव्हा साऱ्या युरोपात जाई. पुढे १७ व्या शतकात त्याच कोठारात आडव्या भिंती घालून विणकरांचे संसार थाटले गेले. आता पोटमाळ्यावर उजेड हवा. मग दर्शनी भिंत जागोजागी त्रिकोणात वर चढवली, तिच्यासाठी छप्पर फोडलं आणि त्या त्रिकोणात खिडकी बसवली. ज्या वेड्यावाकड्या कोनांचे आज फोटो काढले जातात, ते उजेडाच्या गरजेतून आले.

इथे विणलेलं कापड जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये तेलकटपणा काढून घट्ट करायला जाई. मग घरांसमोरच्या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळत पडे. त्या चौकटींवरून कुरणाचं नाव पडलं रॅक आयल. आजही तेच आहे.

भिंतींचा मधाळ रंगाचा दगड चुनखडीचा. त्याचा ताजा तुकडा भिंगाखाली धरला तर गाबोळीसारखे गोल गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. सुमारे १६-१७ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. तळाशी वाळूचे, शिंपल्यांचे कण लाटांनी लोळत राहिले आणि त्यांच्यावर चुन्याचे थरावर थर चढत गेले. दाणा न् दाणा असा घडलेला आहे!

पण मला सगळ्यात थक्क करतं ते छप्पर. तेही दगडाचंच, पातळ चिपांचं. याच टापूत, ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्ड गावी, अशा चिपा करायची रीत तर अद्भुत होती. खाणीतून काढलेले दगड ओलेच जपून ठेवायचे आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री उघड्यावर पसरून त्यांच्यावर पाणी मारायचं. आतलं पाणी गोठून फुगलं की दगड थराथरांनी सुटे होत. पाणी गोठेल अशी थंडी पडणार असं दिसलं की रात्री चर्चची घंटा वाजवून गावाला उठवत. हातोडी नव्हे, हिवाळाच दगड फोडत असे.

अशा चिपा एका मापाच्या कशा निघतील? लहान, मोठ्या, निरनिराळ्या. छप्पर शाकारणाऱ्यांनी त्यावर सुंदर तोड काढली. सगळ्यात मोठ्या चिपा खाली वळचणीला, आणि वर आढ्याकडे जाताना ओळीमागून ओळ लहान होत गेलेली. छपरावरचं सगळं पाणी उतरतं वळचणीला. तिथे मोठी चीप म्हणजे सांधे कमी. शिवाय सर्वांत जड चिपा थेट भिंतीच्या माथ्यालगत येतात. प्रत्येक चिपेला वरच्या टोकाशी भोक, त्यात ओकची खुंटी, आणि ती खुंटी रिपेला अडकवलेली. खडबडीत दगड एकमेकांवर घट्ट बसत नाही, म्हणून पाणी झरझर निसटावं असा सुमारे ५० अंशांचा उतार. वजन केवढं? दर १०० चौरस फुटांना साधारण एक टन.

दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीत पत्राही लागत नाही. चिपा निमुळत्या तासून तिथे अशा वळवत नेतात की एका उतारावरची ओळ न तुटता दुसऱ्यावर चढते. हे मला तरी पाषाणातलं विणकाम वाटतं.

१९२९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने ही रांग विकत घेऊन सावरली. आता ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. असं छप्पर पुन्हा शाकारायचं तेव्हा जुन्या चिपा एकेक उतरवून तपासतात. भोकापाशी झिजलेली चीप टाकून देत नाहीत. झिजलेलं टोक छाटून नवं भोक पाडतात. छाटल्याने ती आखूड होते आणि पूर्वीपेक्षा वरच्या ओळीत बसते. दगड असे आढ्याकडे सरकत राहतात, आणि नवी चीप शोधावी लागते ती बहुतेक वळचणीसाठीच.