मॅक्सी चॉकलेट कुठं शोधेल?

मॅक्सी आईबरोबर बाजारातून घरी येतो. आणलेलं चॉकलेट स्वतःच्या हातानं एका कपाटात ठेवतो आणि खेळायला पळतो. तो बाहेर असताना आई केक करायला घेते, थोडं चॉकलेट त्यात घालते आणि उरलेलं दुसऱ्या कपाटात ठेवते. मग अंडी आणायला तीही बाहेर पडते. एवढ्यात मॅक्सी परततो. भूक लागलेली असते, चॉकलेट आठवतं. तो ते कुठं शोधेल?

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचे हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी ही गोष्ट लहान मुलांना बाहुल्या मांडून सांगितली. हा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही-आम्ही चटकन म्हणू, ठेवलं होतं तिथंच शोधेल. पण तीन-साडेतीन वर्षांचं मूल आईनं जिथं ठेवलं त्या कपाटाकडे बोट दाखवतं, आणि तेही अगदी ठामपणे. तसं त्याला सगळं आठवत असतं. मॅक्सीनं कुठं ठेवलं होतं, आईनं हलवलं तेव्हा तो घरात होता का, हे विचारलं तर ते नीट सांगतं. पण चॉकलेट आता कुठं आहे हे आपल्याला माहीत आहे आणि मॅक्सीला माहीत नाही, ही गोष्ट त्याच्या पचनी पडत नाही. या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना बरोबर उत्तर देता आलं, आणि सहा ते नऊ वर्षांच्या बहुतेकांना.

पाच वर्षं आधी, १९७८ मध्ये, डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुडरफ या अमेरिकन संशोधकांनी चिंपांझीबद्दल प्रश्न विचारला होता, की समोरच्यालाही मन असतं, त्यात इच्छा आणि समजुती असतात, हे या प्राण्याला कळतं का? मॅक्सीच्या गोष्टीनं तोच प्रश्न माणसाच्या पिल्लाला लावला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत जे हाती आलं, त्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल हे कोडं सोडवतं, ते एकट्याच्या बुद्धीवर नव्हे. जन्मल्यापासून कुणीतरी त्याच्याकडे बघतं, त्याच्याशी बोलतं, ते जिकडे बघतं तिकडे मान वळवतं. ही समज दोघांच्या मध्ये वाढते.

सुरुवात फार लवकर होते. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांना हेडफोन लावून तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आपली लय बदलली आणि आईचा आवाज मिळवला. आणखी दोन महिन्यांनी हे बाळ समोरच्याच्या हसण्याला हसून उत्तर देऊ लागतं, आणि मग घरात गप्पांची एक मालिकाच सुरू होते. आपल्याकडे न्हाऊ-माखू घालताना आजी जे बोलत असते ते आठवून पाहा. ‘काय रे, पाणी गरम लागलं? नाही ना? मग रडतोस कशाला? भूक लागली होय, आलं हं दूध!’ प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच, पण मध्ये ती थांबते, बाळाचं ‘अं’ येऊ देते आणि मग पुढं बोलते. संवादाची पाळी बाळ इथं शिकतं.

ही पाळी मोडली तर काय होतं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. आई नेहमीसारखी बाळाशी खेळते. मग सांगितल्याप्रमाणे क्षणभर मान फिरवते आणि परत वळते ती कोऱ्या चेहऱ्यानं. बघायचं बाळाकडेच, पण हसायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्यांनीही काही सांगायचं नाही. काही महिन्यांच्या बाळालाही हे लगेच जाणवतं. आधी ते हसून बघतं, कारण एरवी हसलं की आई हसते. मग हात पुढं करतं, आवाज काढतं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. काहीच घडत नाही म्हटल्यावर नजर फिरवतं, अंग टाकतं, काही बाळं रडू लागतात. हे सगळं दोन-तीन मिनिटांचं. ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं या प्रयोगाचं चित्रण एकदा बघावं. आई चेहरा पुन्हा मोकळा करते आणि बहुतेक बाळं सावरतात, हेही त्यात दिसतं. रोजच्या घरात असे तुटलेले क्षण असतातच, आणि ते जोडलेही जातात.

नऊ महिन्यांच्या सुमारास फार मोठा बदल होतो. तोवर बाळ एक तर माणसाशी खेळतं नाही तर खुळखुळ्याशी. आता माणूस, वस्तू आणि आपण अशा तिघांचा मेळ त्याला घालता येतो. आजोबांनी खिडकीबाहेर ‘काऊ बघ’ म्हटलं की ते आजोबांच्या बोटाकडे न बघता बोट जिकडे आहे तिकडे बघतं, आणि वळून आजोबाही तिकडेच बघताहेत ना याची खात्री करून घेतं. वर्षाचं होता होता ते स्वतः बोट दाखवू लागतं. त्यातलं काही बोट ‘ते दे’ सांगणारं असतं. पण ज्या बोटाला काहीच नको असतं, फक्त ‘अगं, तो कुत्रा बघ ना’ म्हणायचं असतं, ते मला फार मोलाचं वाटतं. आपण पाहिलेलं दुसऱ्यानंही पाहावं, ही हौस त्यात आहे.

याच वयात मूल दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून जग वाचू लागतं. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६०च्या सुमारास काचेचं एक टेबल केलं होतं. काचेच्या अर्ध्या भागाखाली लगेच चौकड्यांचं कापड, तर उरलेल्या अर्ध्याखाली ते खूप खोल. रांगणारं मूल कडेशी येऊन थबकतं. १९८५ मध्ये जेम्स सोर्स, जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी ती खोली कमी केली, इतकी की धोका आहे की नाही हे मुलालाच ठरवता येऊ नये. पलीकडे आई उभी. वर्षाची मुलं कडेशी आली, खाली बघितलं आणि आईकडे बघितलं. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.

भाषेचंही असंच आहे. त आणि ट यांतला फरक आपल्याला इतका उघड वाटतो की इंग्रजी बोलणाऱ्याला तो ऐकूच येत नाही हे खरं वाटत नाही. जॅनेट वर्कर यांनी १९८०च्या दशकात कॅनडातल्या इंग्रजी घरांतली बाळं घेऊन हिंदीतले हेच ध्वनी तपासले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक ओळखता आला. वर्षाच्या आत ती क्षमता ओसरली, कारण घरात ते ध्वनी कानांवर पडतच नव्हते. पुढं पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवलं. काहींना समोर बसलेल्या, खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसाकडून, काहींना तेच सारं पडद्यावरून. २००३ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की माणसाकडून ऐकणारी बाळं मँडरिनचे ध्वनी ओळखायला शिकली आणि पडद्यावरून ऐकणारी काहीच शिकली नाहीत. जेवताना मुलासमोर मोबाइल टेकवून ठेवणाऱ्या घरांना हे कळायला हवं. मात्र ज्यांची नातवंडं अमेरिकेत आहेत त्यांनी धीर सोडू नये. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस त्या मुलालाच उत्तर देतो, त्याच्यासाठी थांबतो. अशा बोलण्यातून दोन-अडीच वर्षांची मुलं नवे शब्द शिकतात, असं २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. तेव्हा आजीनं पडद्यावरून ‘आज काय खाल्लंस?’ विचारणं वाया जात नाही.

दीड वर्षाच्या आसपास आणखी एक गाठ सुटते. बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांनी १९९७ मध्ये मुलांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडायची. प्रयोग करणारी बाई मात्र ब्रोकोली खाऊन खूश झाली आणि बिस्किटाला तिनं तोंड वाकडं केलं. मग हात पुढं करून म्हणाली, मला दे. १४ महिन्यांच्या मुलांनी बिस्किटं दिली, आपल्याला आवडतं तेच. १८ महिन्यांच्या मुलांनी तिला ब्रोकोली दिली. आपल्याला नकोशी वाटणारी गोष्ट दुसऱ्याला हवी असू शकते, हे त्या चार महिन्यांत त्यांना उमगलं होतं.

इच्छा अशी लवकर कळते, समजूत उशिरा. म्हणून तीन वर्षांचा मुलगा लपाछपीत पडद्यामागे डोकं खुपसतो, पाय बाहेर ठेवतो, आणि मामीला फोनवर ‘जेवलास का?’चं उत्तर मान हलवून देतो. तो वेंधळा नाही. आपल्याला दिसतं आणि समोरच्याला दिसत नाही, हा हिशोब अजून पक्का झालेला नाही, इतकंच. २००५ मध्ये क्रिस्टीन ओनिशी आणि रने बायारजाँ यांनी केवळ बाळं किती वेळ बघतात हे मोजून १५ महिन्यांच्या बाळांनाही चुकीच्या समजुतीचा अंदाज येतो असं मांडलं. पण तशाच पुढच्या प्रयोगांत निकाल प्रत्येक वेळी जुळले नाहीत, त्यामुळे त्यावरचा वाद चालू आहे. बोलून उत्तर द्यायच्या चाचणीचं चित्र मात्र बरंच स्थिर आहे. कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड इथल्या मुलांना एकाच पद्धतीनं तपासणारा एक अभ्यास २००५ मध्ये आला. पाचही ठिकाणी तिसऱ्या वर्षी बहुतेक मुलं चुकली आणि पाचव्या वर्षी बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं.

मग हे निव्वळ वयावर आहे का? तसं नाही, आणि याचा सगळ्यांत बोलका पुरावा बहिऱ्या मुलांचा आहे. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आईबापांना खुणांची भाषा येत नसते. पाणी, भात, ये, जा एवढं हातवाऱ्यांनी भागतं. पण ‘तिला वाटलं तू विसरलास’ हे कसं सांगणार? ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांना १९९५ मध्ये दिसलं की अशा घरांतली आठ वर्षांपुढची अनेक मुलंही या चाचणीत चुकतात. पण ज्यांचे आईबाप स्वतः बहिरे आहेत आणि पाळण्यापासून खुणांनी बोलतात, त्यांची मुलं ऐकू येणाऱ्या मुलांइतकीच वेळेवर यशस्वी होतात, असं पुढच्या अभ्यासांत आढळलं. म्हणजे उणीव बुद्धीत नव्हती, गप्पांत होती. निकाराग्वात १९७०च्या दशकाअखेर बहिऱ्या मुलांच्या नव्या शाळेत मुलांनी आपापसांत खुणांची एक नवी भाषा घडवली. तिच्या पहिल्या पिढीतल्या, आता प्रौढ झालेल्या माणसांना जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंगास यांनी तपासलं, तेव्हा ती मॅक्सीच्या जातीच्या कोड्यात अडखळली. ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ यांच्या खुणा त्यांच्याकडे तुटपुंज्या होत्या. दोनेक वर्षांत तरुण पिढीकडून त्या खुणा त्यांनी उचलल्या आणि त्यांची उत्तरं सुधारली.

ऐकू येणाऱ्या घरांतही हेच सूत्र दिसतं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ माइन्स यांनी पाहिलं की सहा महिन्यांच्या बाळाशी बोलताना ज्या आया ‘कंटाळलास ना?’, ‘ते हवंय होय तुला’ असं त्याच्या मनातलं नेमकं ओळखून बोलत होत्या, त्यांची मुलं चौथ्या वर्षी अशा चाचण्यांत पुढं होती. दादा-ताई असलेल्या मुलांनाही हे लवकर जमतं असं काही अभ्यासांत आढळलं. भातुकलीत खोटा चहा पिताना आणि ‘तू आई, मी पाहुणी’ म्हणून भांडताना हाच सराव होत असतो.

सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि युटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये स्वमग्न मुलांना अशीच गोष्ट सांगितली, तेव्हा २० पैकी १६ जण चुकले. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी मात्र १२ जणांनी बरोबर उत्तर दिलं. त्यावरून स्वमग्न मुलांना माया नसते असा अर्थ काढणं अन्यायाचं आहे. समोरच्याच्या मनातलं ताडणं अवघड जाणं वेगळं आणि त्याच्याविषयी काही न वाटणं वेगळं. दीड वर्षापर्यंत मूल काही दाखवण्यासाठी बोट करत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत न थांबता त्याचा कान आणि विकास दोन्ही बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत.

मॅक्सीचं कोडं सुटू लागतं त्याच सुमारास मूल खोटंही बोलू लागतं, आणि घरात पहिल्यांदा धक्का बसतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी मुलांना पाठीमागचं खेळणं न बघण्याची ताकीद देऊन खोलीत एकटं ठेवलं. बहुतेकांनी वळून बघितलं आणि ‘नाही बघितलं’ म्हटलं. पण ‘काय असेल बरं ते?’ विचारल्यावर तीन-चार वर्षांची मुलं खेळण्याचं नाव सांगून मोकळी झाली. न बघणाऱ्याला नाव ठाऊक नसणार, हे ओळखून आधीच्या खोट्याशी उत्तर जुळवणं सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांना जमलं. त्यासाठी ‘मला काय माहीत असावं असं विचारणाऱ्याला वाटतं?’ हे ओळखावं लागतं. पेर्नर आणि विमर यांनी १९८५ मध्ये मनाच्या या दुसऱ्या मजल्याची चाचणी केली, तेव्हा तोही सहा-सात वर्षांच्या सुमारास चढला जातो असं त्यांना आढळलं होतं. सुटीत पत्त्यांचा डाव मांडला की हे घरीच बघता येतं. पाच वर्षांचं मूल ‘चॅलेंज’ खेळताना हातातले पत्ते उघडे धरतं, एक्का आला की हसतं. आठ वर्षांची ताई तीन दश्श्या म्हणून भलतेच पत्ते पालथे टाकते आणि काकाचा चेहरा बघत बसते.