फ्रिज येतो आणि मीटर उडी घेतो

बेळगावजवळच्या हिंडलग्यात हेस्कॉम या वीज कंपनीचा मीटर रीडर बिल हातात ठेवतो, त्यावर घरातली कमाई छापलेली नसते. तरी चार-पाच वर्षांची बिलं ओळीनं लावली, तर घरात पैसा कधी आला याचा अदमास लागतो.

पगार हजारानं वाढला म्हणून कुणी जास्त दिवे लावत नाही. ९ वॉटचा एलईडी रोज ५ तास लागला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. ७५ वॉटचा जुना पंखा १० तास फिरला की साडेबावीस. पैसा साचत राहतो आणि एक दिवस फ्रिज दारात उतरतो. तो लहान असला तरी महिन्याला पंधरा-वीस युनिटं खातोच. पुढची पायरी इकडे एसीची नाही, आपला उन्हाळा नागपूरचा नव्हे, ती गिझरची. २ किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे ३० युनिटं. पाणी तेवढंच तापतं, फक्त बंबातल्या जळणाचा खर्च मीटरवर चढतो. आणखी पैसा आला की गच्चीवर सोलर बसतो आणि युनिटं चक्क उतरतात! उलट एका मीटरवर आठ-दहा माणसं असलेलं घर बेताच्या कमाईतही दोनशेच्या पुढे जातं.

पॉल गर्टलर, कॅथरिन वुल्फ्राम आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोत गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी रोख मदतीचा माग काढला. २०१६ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात दिसलं ते हेच: उत्पन्न एका उंबरठ्याशी पोचलं की फ्रिजची खरेदी एकदम वाढते, आणि पैसा झपाट्यानं हाती आला तर आणखीच.

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये बायकांच्या खात्यात येतात. गृहज्योती या मोफत वीज योजनेचं शून्य बिलही तेव्हापासूनचंच. पण ते सगळ्यांना सरसकट २०० युनिटं नाही. २०२२-२३ ची सरासरी आणि वर १० टक्के, एवढंच फुकट. म्हणजे दीडशेवाल्याला १६५, चाळीसवाल्याला ४४. माझ्या मते ही मापंच उलटी आहेत. २०२४ च्या सुरुवातीला कमी वापराच्या घरांना टक्क्यांऐवजी १० युनिटं मिळाली, चाळीसवाला पन्नासावर गेला. गृहलक्ष्मीच्या पैशातून त्यानं पहिला फ्रिज घेतला, तर पन्नासावरच्या युनिटांचे पैसे त्यालाच भरावे लागतात.