तान्हेपणीचा बाप्तिस्मा चालतो का?

आजचा प्रश्न लग्न ठरताना निघणारा. समजा, मुलगी भुसावळच्या अलायन्स चर्चमधली, मुलगा नाशिकचा, सीएनआयचा. पाळक विचारतात, "बाप्तिस्मा कधी झाला?" तो म्हणतो, "मी तान्हा होतो तेव्हा." झालं, गाडी अडली. आता त्याने पुन्हा पाण्यात उतरायचं का?

आधी शब्द बघू. ‘बाप्तिस्मा’ ग्रीकमधून आला, मूळ अर्थ बुडवणं. मराठी बायबलने तो तसाच ठेवला, त्यामुळे शिंपडणारे आणि बुडवणारे दोघेही तोच शब्द वाचतात. बुडवणाऱ्यांत ठळक नाव बॅप्टिस्टांचं. 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम कॅरी बॅप्टिस्टच! त्यांचं म्हणणं सरळ आहे: आधी विश्वास, मग पाणी. बाळ विश्वास कसा ठेवणार? म्हणून तान्हेपणीचा विधी त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नाही. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, दोनच विधी. त्यांना ‘संस्कार’ म्हणणंही बरेच जण टाळतात, कारण पाण्याने तारण होत नाही, ती फक्त साक्ष.

खानदेशात ही पद्धत रुजली ती मुख्यतः दुसऱ्या नावांनी. जळगाव-भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन.

समोरची बाजूही कच्ची नाही हं. ते म्हणतात, देवाची कृपा आपल्या समजुतीची वाट बघत नाही. मग पुन्हा बाप्तिस्मा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देवाने काही केलंच नाही, असं म्हणणं.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं. त्यात अँग्लिकन होते आणि उत्तर भारतातले बॅप्टिस्टही. तोडगा काय? दोन्ही चालेल. बाळाला बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली, किंवा बाळाचं समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. दोन्ही वाटांनी माणूस पूर्ण सभासद. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण कोणालाच "तू चुकलास" म्हणावं लागलं नाही. पण लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याला मोठेपणी बुडून घ्यावासा वाटला, तर तिथेही पेच पडतोच. आणि अलायन्सच्या मंडळ्या त्या एकीकरणात नव्हत्या, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक घराला नव्याने सोडवावा लागतो.

तुमच्यावर ही वेळ आली, तर पाळकांना नेमकं विचारा: बुडून घेतलेला बाप्तिस्मा सभासद व्हायला लागतो, की लग्न लावायलाही? कारण 1872 च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती, एवढंच आहे. पाणी किती, हे कायदा विचारत नाही.