धातू दाखवणारी चमकणारी पट्टी: पालेभाजीवाल्यांनी घ्यायची का?



आपल्या सारसोळे विक्री केंद्रावर पालक, माठ घेताना गिऱ्हाईक हल्ली एकच विचारतं, "रुळाच्या कडेची, गटाराच्या पाण्यावरची तर नाही ना?" त्यात ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. पांढरी पट्टी पाण्यात बुडवली, जांभळा टॉर्च मारला आणि पट्टी केशरी चमकली. तिघा-चौघांनी विचारलं, मागवायची का? मेसेज जरा लांब आहे, पण पालेभाजी करणाऱ्यांनी पूर्ण वाचा.

ही पट्टी म्हणजे जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'सारखी गुंतलेल्या धाग्यांची चादर. प्लास्टिकसारख्या पदार्थाचं पातळ द्रावण सिरिंजमध्ये भरतात आणि सुईला 10 ते 30 हजार व्होल्टचा दाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, वाटेतच सुकतो आणि समोरच्या पत्र्यावर धागा होऊन बसतो. आपला केस साधारण 50 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड, हा धागा काहीशे नॅनोमीटरचा. इतक्या बारीक धाग्यांमुळे पाणी चहूबाजूंनी लागतं, म्हणून थोडा धातूही लवकर सापडतो.

धाग्यात खास रंग मिसळलेला असतो. रोडामाईन जातीचे काही रंग एरवी गप्प असतात, पारा किंवा तांबं चिकटलं की चमकतात. काही रंग उलटे, धातू लागला की विझतात.

कल्पना चांगली आहे. पण असं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतलं आहे, आणि शेतात घोळ होतो तो इथे. लोखंडामुळे बऱ्याच रंगांची चमक मरते, आणि आपल्या तांबड्या मातीच्या विहिरीत लोखंड असतंच. खाडीलगतचं खारं किंवा गढूळ पाणीही पट्टीला फसवतं. शिवाय कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारलेल्या पंपाच्या बादलीत नमुना घेतलात, तर पट्टी तुमच्याच औषधातलं तांबं दाखवेल. घाबराल उगाच!

उलट चमकली नाही म्हणून पाणी पास, असंही नाही. पारा ओळखणारी पट्टी शिशाबद्दल काही सांगेलच असं नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघे 10 मिलिग्रॅम. कॅडमियमची त्याहून कमी, 0.003. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने कॅडमियमची शिफारस 0.01 पर्यंत ठेवली आहे. एवढं बारीक माप टॉर्चखाली डोळ्याने होत नाही.

आणि पाणी स्वच्छ असलं तरी कॅडमियम मातीतून येऊ शकतो, स्फुरदयुक्त खतातूनही थोडा येतो. पालक तो पानात ओढून घेतो, धुऊन जात नाही. जमीन आम्लधर्मी असेल तर जास्तच ओढतो, आणि कोकणातली बरीचशी जमीन तशीच. सामू कमी आला असेल तर चुना टाका, पण माती परीक्षणातल्या शिफारशीएवढाच. शिसं मात्र बरंचसं पानावरच्या धुळीत असतं. हायवेलगत प्लॉट असेल तर भाजी स्वच्छ पाण्याने धुऊनच केंद्रावर आणा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत जस्त, लोह, तांबं, मंगल आहे, शिसं-कॅडमियम नाही. पत्रिका आहे म्हणजे तपासणी झाली, असं गिऱ्हाईकाला सांगू नका. प्रयोगशाळेत 'जड धातू' असं वेगळं लिहून द्यावं लागतं.

तेव्हा सध्या पट्टी मागवू नका. नाल्याजवळ, कारखान्याजवळ किंवा खाडीलगत विहीर-बोअर असलेल्यांनी पाण्याचा नमुना द्या. नवी प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, पंप 10 मिनिटं चालवून मग भरा. पत्र्याचा डबा किंवा फवारणीची बादली नको. बाटलीवर नाव, गट नंबर, तारीख लिहा आणि मंगळवारी भाजीच्या गाडीबरोबर पाठवा. सगळे नमुने एकत्रच तपासणीला जातील.