लळा कसा लागतो?

दिवाळी सरली की दौंड आणि शिरूर तालुक्यांच्या रस्त्यांवर बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या दिसू लागतात. भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी, आणि आईच्या कडेवर तान्हे मूल. नवराबायकोच्या जोडीला या कामात एक ‘कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेबही कोयत्याचाच होतो. तान्ह्याची त्यात गणना नाही.

मागे एकदा भीमाकाठच्या अशाच एका फडावर ओळखीच्या बागायतदाराबरोबर गेलो होतो. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत सात-आठ महिन्यांचे पोर, आणि दोरी धरून त्याची आठ वर्षांची बहीण. पोर रडू लागले. आई थोड्या अंतरावर मोळी बांधत होती. ती थबकली, मुकादमाकडे पाहिले आणि पुन्हा खाली वाकली. बागायतदार म्हणाले, “रडू द्या हो सर, रडल्यानं छाती भरते.” बहिणीने झोके दिले, पोर आणखी रडले आणि मग आपोआप गप्प झाले. आम्हीही पुढे निघालो. पण ते का गप्प झाले, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

तान्ह्या मुलाला भाषा नसते. रडणे हीच त्याची हाक. भूक लागली, ओले झाले, भीती वाटली, की ते हाक मारते. कोणी तरी येते, उचलते, छातीशी धरते, बोलते. असे दिवसातून दहा वेळा, महिनोन्‌महिने घडले म्हणजे मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की होते : मी हाक मारली की माझे माणूस येते. हाच लळा. आणि हाकेला कधीच कोणी येईना, तर मूल हाक मारणेच सोडू लागते. अशा मुलाला आपण ‘किती शहाणं, रडतच नाही’ म्हणतो. एखाद्या दिवसाच्या रडण्याने असे होत नाही, बरे का. आयांनी उगाच घाबरून जाऊ नये.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने १९५१ साली आईवेगळ्या मुलांवर अहवाल लिहिला. पण आपल्याला अधिक जवळची वाटावी अशी हकीकत मेरी एन्सवर्थ या बाईंची आहे. १९५४-५५ मध्ये त्या आफ्रिकेत युगांडात होत्या. कंपाला शहराभोवतीच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत त्या महिनोन्‌महिने जात, तासन्‌तास बसत आणि आई-मुलांचे वागणे टिपून घेत. म्हणजे या शास्त्राची पहिली टिपणे कुठल्या प्रयोगशाळेत झाली नाहीत. ती शेतकरी बायांच्या घरी झाली. बाईंना काय आढळले? आपल्या मुलाबद्दल बारीकसारीक सांगू शकणाऱ्या आयांची मुले निर्धास्त होती. ते केव्हा दमते, कशाला दचकते, कोणत्या कुशीवर झोपते, हे त्यांना ठाऊक असे. म्हणजे लळ्याचे मूळ लक्ष असण्यात आहे. त्याला पैसा लागत नाही.

‘सारखं उचललं तर सवय लागते’ असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ साली नोंदवले, की पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे चटकन लक्ष दिले गेले, ती मुले वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. तरी तान्ह्याला उचलल्याने ते बिघडते, असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. लाड आणि लळा यांत आपण गल्लत करतो. तीन वर्षांच्या पोराने हट्ट केला म्हणून दुकानातली गोळी देणे, हा लाड. तीन महिन्यांच्या पोराने हाक मारली म्हणून जाणे, हा लाड नव्हे.

साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून मूल आपले आणि परके ओळखून वागू लागते. आई दिसेनाशी झाली की रडते, पाहुण्याकडे जात नाही. ‘माणूसघाणं झालं’ म्हणून त्याला हसू नये. लळा लागल्याची ती खूण आहे.

माणूस आईच असले पाहिजे असे नाही. आजी, आत्या, थोरली जाऊ चालेल. पण माणसे ठरलेली हवीत, रोज नवी नकोत. आणि बाप? पूर्वी आपल्या घरांत वडीलधाऱ्यांदेखत बापाने स्वतःचे मूल उचलायचे नाही, अशी रीत होती. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे कित्येक महिने बापाची नि मुलाची भेटही नसे. त्या रिवाजाने काय साधले, मला कधी कळले नाही. रांजणगावच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे कितीतरी तरुण आज भाड्याच्या खोलीत राहतात. घरात आजी नाही. तिथे रात्रपाळीहून आलेल्या बापाने तासभर मूल अंगावर घेतले, तर आईला झोप मिळते आणि मुलाला दुसरे माणूस.

आईचे मन थकलेले असेल तर मात्र उपदेश फुकट आहे. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातील सुमारे तेवीस बायांना मनाची उदासी जडलेली आढळली. गरिबी, नवऱ्याची मारझोड आणि मुलगी झाल्याचा बोल ही त्यामागची कारणे होती. अशी बाई मुलाकडे नुसती पाहत राहते. तिला लोक आळशी म्हणतात. आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जातात. बाळाचे वजन होतेच. ‘तुला झोप लागते का गं, रडू येतं का?’ एवढे तिलाही विचारले जावे, आणि उत्तर ‘हो’ आले तर तिला दवाखान्यात न्यावे.

आता पुन्हा त्या फडाकडे. २०१७ च्या कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी बाळंतरजा मिळाली. कोयत्यावरच्या बाईचा खाडा झाला की पैसे कापले जातात. हे सारे एका दिवसात बदलणार नाही. पण फड ज्यांचा आहे ते बागायतदार ही भाषणे ऐकतात, म्हणून सांगतो. टोळीतल्या एका वयस्क बाईला कोपीवर तान्ह्यांसाठी ठेवा आणि तिची मजुरी शेतकरी, मुकादम व टोळी यांनी वाटून घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईला दोन-तीन तासांनी झोळीपाशी जाऊ द्या. तेवढ्याने गाडी भरायची राहत नाही. आणि शिक्षकबंधूंनो, हजेरीपटावर आठ वर्षांच्या ज्या मुलीपुढे रोज गैरहजर लिहावे लागते, ती कदाचित कुठल्या तरी बाभळीखाली दोरी धरून बसलेली असेल. तिच्या घरी एकदा जाऊन या, आणि झोळीतल्या भावंडासाठी जवळच्या अंगणवाडीच्या ताईंशीही बोला.