पाणी पुलावर येण्याआधी : अनेक क्लाउडांवर एकच नजर

पावसाळ्यात निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतील नदीकाठचा माणूस सकाळी पहिली चौकशी करतो ती पाण्याची. वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून येतात, तर कृष्णेचे पाणी राजापूर बंधाऱ्यावरून कर्नाटकात उतरते. वरची धरणे महाराष्ट्रात, खालचे अलमट्टी कर्नाटकात. प्रत्येक ठिकाणची पातळी आणि विसर्ग स्वतंत्रपणे मोजला जातो. यमगर्णीच्या पुलाकडे निघालेल्या वाहनचालकाला मात्र एकच उत्तर हवे असते : रस्ता सुरू आहे का? जुलै २०२१ च्या पुरात वेदगंगेच्या पाण्यामुळे पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळ बंद झाला, तेव्हा या साध्या प्रश्नाचे मोल सर्वांनाच कळले.

संगणकीय सेवांबाबतही आता असाच प्रश्न उभा राहतो. एखाद्या वृत्तसंकेतस्थळाचा मजकूर एका कंपनीच्या क्लाउडवर, छायाचित्रे दुसऱ्या कंपनीकडे आणि वाचकांची नोंदणी तिसऱ्याच ठिकाणी असू शकते. सीमाभागातील पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये यांच्या आज्ञावलीही अशाच विखुरलेल्या असू शकतात. पुराच्या रात्री बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्यात भाजी आणणारा चालक रस्त्याची बातमी पाहू लागला आणि पान उघडलेच नाही, तर चूक कोणत्या कंपनीची, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बिघाड त्याच्याआधी आपल्याला कळला पाहिजे, हा आगाऊ देखरेखीचा सारा अर्थ.

तीन मापके, तीन पद्धती

प्रत्येक मोठी कंपनी आपापले मापक देते : ॲमेझॉनचे क्लाउडवॉच, मायक्रोसॉफ्टचे अझूर मॉनिटर, गुगलचे क्लाउड मॉनिटरिंग. यांतील प्रत्येक साधन मुख्यतः स्वतःच्या अंगणापुरते पाहते, आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत निराळी असते. ॲमेझॉनवरील आभासी संगणकाची मूळ देखरेख दर ५ मिनिटांनी आकडे देते. दर मिनिटाचे आकडे हवे असल्यास वेगळी सोय सुरू करावी लागते. त्या संगणकाची मेमरी किती भरली, हे तर त्यात एक लहानसा सहायक प्रोग्रॅम बसविल्याशिवाय दिसतच नाही. त्यामुळे ‘सर्व आलेख ठीक आहेत’ याचा अर्थ पुष्कळदा ‘जे मोजले तेवढे ठीक आहे’ इतकाच असतो.

म्हणून पहिले काम सर्वांचे आकडे एका ठिकाणी आणण्याचे. त्यासाठी प्रोमिथियस आणि ग्राफाना ही मुक्त साधने जगभर वापरली जातात. ओपनटेलिमेट्री या समाईक मानकामुळे निरनिराळ्या सेवांची माहिती एकाच भाषेत मिळू शकते. या एकत्रीकरणात घड्याळाचे भान हवे. क्लाउडवरील नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. एक नोंद एका वेळेत आणि दुसरी दुसऱ्या वेळेत वाचली, तर आधी काय बिघडले हेच उलटे कळते. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांतही संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक ठरविले आहे.

इशारा पातळी आणि धोका पातळी

काय मोजावे, याचे उत्तर गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ मधील आपल्या ग्रंथात चार शब्दांत दिले : विलंब, वर्दळ, चुका आणि भरलेपण. पान उघडायला किती वेळ लागतो, किती लोक येत आहेत, किती जणांना चुकीचा संदेश दिसतो आणि यंत्रणेची क्षमता किती वापरली गेली, हे चार आकडे प्रत्येक क्लाउडवरून घेतले तर बहुतेक संकटांची चाहूल लागते.

चाहूल आणि संकट यांत अंतर ठेवण्याची रीत आपल्याला परिचित आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. मधले चार फूट म्हणजे गुरे-माणसे हलविण्यासाठी मिळालेला अवधी. संगणकाच्या साठवणुकीचेही तसेच. ती ८० टक्के भरली असेल आणि दर तासाला २ टक्क्यांनी वाढत असेल, तर हातात १० तास आहेत. महिनाभर ती ८० वरच स्थिर असेल, तर मध्यरात्री कोणाला उठविण्याचे कारण नाही. म्हणून केवळ पातळी पाहून भागत नाही. पाणी किती वेगाने चढते आहे, हेही पाहावे लागते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत आणि डोमेन नावाचे नूतनीकरण या तारखा तर आधीच ठाऊक असतात. त्यांचा इशारा तीन आठवडे आधी येऊ शकतो.

पहारेकरी बाहेर हवा

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा अमेरिकेत कोलमडली. देखभालीच्या एका आज्ञेत चुकीची नोंद झाल्याने गरजेपेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले होते. त्या वेळी सेवांची स्थिती दाखविणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच साठवणीवर विसंबून होता. त्यामुळे सुमारे दोन तास तो अद्ययावत करता आला नाही आणि कंपनीला ट्विटरवरून माहिती द्यावी लागली. पहारेकऱ्याची खोलीच पाण्याखाली गेल्यासारखा हा प्रकार होता.

१२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउडमध्ये बिघाड झाला, तेव्हा क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीच्या काही सेवाही थांबल्या; कारण त्यांच्या एका साठवण यंत्रणेचा काही भाग गुगलवर आधारलेला होता. दोन कंपन्यांशी करार केला म्हणजे दोन स्वतंत्र आधार मिळाले, असे होत नाही. कोण कोणावर उभा आहे, याचा आराखडा आधीच कागदावर मांडलेला असावा.

यावर उपाय म्हणजे बाहेरून केलेली तपासणी. वापरातल्या क्लाउडांपैकी कोणावरही अवलंबून नसलेल्या ठिकाणाहून दर मिनिटाला संकेतस्थळाचे पान वाचकाप्रमाणे उघडून पाहावे. शिवाय देखरेख यंत्रणेने ‘मी जागी आहे’ असा संदेश ठरावीक अंतराने बाहेर पाठवावा. तो आला नाही, तर तोच इशारा समजावा. अन्यथा बंद पडलेल्या यंत्रणेची शांतता सुरक्षिततेची खूण वाटते.

इशारा कोणाच्या हाती?

दिवसाला शंभर संदेश येऊ लागले की एकशे पहिला कोणी वाचत नाही. त्यामुळे ज्यावर तत्काळ काही करायचे आहे, तोच इशारा फोन वाजवील; उरलेले सकाळच्या अहवालात जातील. प्रत्येक इशाऱ्यासोबत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : काय बिघडले, वाचकाला काय जाणवेल आणि पहिले पाऊल कोणते. पाळीवरच्या माणसाने दहा मिनिटांत उत्तर दिले नाही, तर फोन दुसऱ्याकडे जावा. मुसळधार पावसात वीज आणि इंटरनेट दोन्ही जाऊ शकतात, म्हणून ईमेलखेरीज साधा फोन वा एसएमएस हा दुसरा मार्ग ठेवावा.

हे सर्व मांडून झाल्यावर मृगाआधी एकदा रंगीत तालीम घ्यावी. कमी वर्दळीच्या वेळी एक सेवा मुद्दाम बंद करावी आणि घड्याळ लावून बसावे. फोन किती मिनिटांत वाजला, तो कोणी उचलला आणि त्याला पुढे काय करायचे ते ठाऊक होते का, एवढ्या तीन उत्तरांवरून आपली देखरेख खरी आहे की केवळ पडद्यावरचे आलेख आहेत, हे कळते.